ट्रान्सफॉर्मर कुणाचा?

सोमवार, १२ फेब्रुवारी

कोर्सच्या बाईंनी सांगितलंय, रोजचा अभ्यास झाला की चार ओळी स्वतःच्या शब्दांत लिहा, म्हणजे डोक्यात राहतं. त्यासाठी ही वही घेतली. आज अभ्यास काडीचा झाला नाही, पण लिहायला पुष्कळ आहे.

सकाळी स्मोकोला, म्हणजे आमच्या नऊच्या चहाला, मॅनेजर स्वतः वर्कशॉपमध्ये आला. तो स्वतः आला की बातमी वाईट असते. चांगली बातमी तो फळ्यावर लावतो. जूनपासून आमच्या साखर कारखान्याचा वीज विभाग बंद. ऊस टाकायच्या गव्हाणीपासून नदीवरच्या पंपांपर्यंत विजेचं सगळं काम ठेक्यावर जाणार. इथल्याच कुणी ठेका घेतला तर बरंच, म्हणाला, पण त्या माणसाकडे मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ठेकेदाराची परीक्षा पास झाल्याचा कागद हवा. नसला तर ब्रिस्बेनची एक कंपनी तयार आहे.

वीज विभाग म्हणजे आम्ही तिघं. हॉरी आमचा फोरमन, चौसष्ट वर्षांचा, जूनमध्ये निवृत्त होणार. व्हर्नन अडतीसचा, दोन मुली शाळेत, आणि तोंडाला लगाम नाही. आणि मी, कार्मेल, सव्वीस वर्षं याच पॅनेलांच्या मागे काढलेली. तिघांकडेही वायरमनचा परवाना आहे, पण त्यावर दुसऱ्याच्या हाताखाली काम करता येतं. स्वतःच्या नावावर काम घ्यायचं आणि 'हे सुरक्षित आहे' म्हणून खाली सही करायची तर ठेकेदाराचा परवाना लागतो, आणि त्याची परीक्षा वेगळी.

मॅनेजर गेल्यावर व्हर्ननने सांगून टाकलं, "मला खाणीवरून बोलावणं आलंय. तीन आठवडे तिकडं, एक आठवडा घरी. ६ मेपर्यंत हो की नाही ते कळवायचंय."

"मग?"

"मग काय. धाकटी आत्ताच पोहायला शिकतेय. महिन्यातून एक आठवडा बाप बघून ती मला काका म्हणायला लागेल."

हॉरी कपातच बघत होता. मी त्याला विचारलं, "तू का नाही देत परीक्षा? तुला सगळं तोंडपाठ आहे."

"मला कागद चावतो," तो म्हणाला आणि कप न विसळता बाहेर गेला. हॉरी कप न विसळता कधी जात नाही.

मी हा कोर्स जानेवारीत लावला तो हौस म्हणून. आज सगळं त्याच्यावर येऊन पडलं. मला भीती वाटते आहे, आणि थोडा आनंदही होतो आहे, हे फक्त इथे लिहिते.

शनिवार, १७ फेब्रुवारी

दिवसभर व्हरांड्यात बसून नियमपुस्तकाला रंगीत पट्ट्या लावल्या. सहाशेच्या वर पानं आहेत. पिवळी पट्टी केबलला, हिरवी अर्थिंगला, लाल मोटारी आणि पंपांना, निळी तपासणीला. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची परवानगी आहे, आणि तिथेच सगळी गोम आहे.

सेव्ही, माझा नवरा, उसाची आगगाडी चालवतो. हंगाम नसल्यामुळे सध्या शनिवारी घरी असतो आणि मी काय करते ते बघत बसतो.

"पुस्तकात बघून लिहायचं? मग नापास कोण होतं?"

"ज्याला पान सापडत नाही तो."

त्याने पट्ट्या मोजल्या. "एकशे बारा. हे पुस्तक आहे का कोंबडा?"

पण नंतर त्यानेच फाटका कोपरा चिकटवून दिला. तसा बरा आहे माणूस.

गुरुवार, २९ फेब्रुवारी

आज व्हर्ननने वर्षभराची करमणूक केली. आम्ही तिघं गव्हाणीच्या मोटारीवर होतो. काम सुरू करण्याआधी मेन स्विच बंद करायचा आणि ज्याने त्याने त्याला आपापलं लाल कुलूप लावायचं, हा आमच्याकडचा धर्म. कुलपावर नावाची पट्टी, किल्ली आपल्याच खिशात. दुसऱ्याच्या कुलपाला कुणी हात लावत नाही, मॅनेजरसुद्धा नाही. कुलूप लटकतंय याचा अर्थ माणूस आत आहे.

तीन वाजता काम संपलं, मी माझं काढलं, हॉरीने त्याचं काढलं, आणि व्हर्नन मुलीला पोहायला न्यायचं म्हणून निघून गेला. कुलूप तसंच लटकलेलं. फोन केला तेव्हा तो पाण्यात होता. अर्ध्या तासाने ओल्या चड्डीत, टॉवेल गुंडाळून परत आला आणि रिवाजाप्रमाणे थंड बिअरचा खोकाही घेऊन आला. कुलूप विसरणाऱ्याने स्वतः येऊन काढायचं आणि सगळ्यांना बिअर पाजायची, यातून कुणाची सुटका नाही. मला आत्तापर्यंत तीनदा पाजावी लागली आहे.

हॉरीने बाटली उघडली. "चव्वेचाळीस वर्षं झाली. माझं कुलूप एकदाही राहिलेलं नाही. मी कुणाला एक बाटली पाजलेली नाही."

"म्हणूनच तुझ्यावर कुणाचं प्रेम नाही, म्हाताऱ्या," व्हर्नन म्हणाला. हॉरी इतका हसला की त्याला ठसका लागला.

मंगळवार, १२ मार्च

मकाय शहरात जाऊन परीक्षा देऊन आले. तीन तास लेखी, एक तास प्रत्यक्ष. प्रत्यक्षात मला काही नवीन नव्हतं. आधी डोळ्यांनी बघा, मग अर्थिंग सलग आहे का ते मोजा, मग मेगर मारा, म्हणजे वायरच्या आवरणातून वीज गळत नाही ना ते मोजा, मग फेज-न्यूट्रल आपापल्या जागी आहेत का ते बघा. सवयीने मी माझं लाल कुलूप पण नेलं होतं आणि त्यांच्या नकली पॅनेलच्या स्विचला लावलं. परीक्षक म्हणाला, "इथे वीज नाहीच आहे, बाई." मी म्हटलं, "असं सगळेच म्हणतात." त्याने काहीतरी लिहून घेतलं.

लेखीत केबलचं एक मोठं गणित होतं. रस्त्यावरच्या खांबावरून एका शेतातल्या पंपाला वीज न्यायची आहे, अंतर इतकं, मोटार इतक्याची, तर केबल किती जाडीची? लांब केबलमध्ये व्होल्टेज थोडं गळतं, ते किती गळू द्यायचं याची मर्यादा पुस्तकात आहे. मी आमचे नेहमीचे सात टक्के धरले आणि पंचवीस चौरस मिलिमीटरची केबल काढली. आकडेमोड तीनदा तपासली. वेळ उरला म्हणून समोरच्या माणसाची मान बघत बसले. येताना मीट-पाय, म्हणजे खिमा भरलेली पेस्ट्री, खाल्ली, गरम, भरपूर सॉस घालून. पास झाले असं वाटतंय.

शुक्रवार, २२ मार्च

नापास. चार गुणांनी.

प्रत्यक्षाला पैकीच्या पैकी. केबलच्या गणिताला शून्य, आणि तेच सगळ्यात जास्त गुणांचं. का शून्य, ते सांगत नाहीत. मी घरी पुन्हा सोडवलं, पुन्हा पंचवीसच आली. पुस्तकात पिवळी पट्टी लावलेलं पान काढलं, सात टक्के तिथे छापलेले आहेत. आता याच्यावर काय बोलायचं? तपासणाऱ्याला उन्हाची भोवळ आली असेल.

पुन्हा २३ एप्रिलला बसता येईल. त्याच्या पलीकडे ६ मे.

वर्कशॉपमध्ये सांगितलं. व्हर्नन म्हणाला, "चार गुण म्हणजे काय, शिंकेएवढे," आणि त्याच्या डब्यातला लॅमिंग्टन केक मला दिला. तो त्याच्या मुलीने केला होता, दगडासारखा झालेला, पण मी खाल्ला. हॉरीने एकच विचारलं, "व्होल्टेज ड्रॉपला काय धरलंस?"

"नेहमीचं. सात."

मग तो पाना शोधतो म्हणून गेला. पाना त्याच्या हातात होता.

रविवार, ३१ मार्च

ईस्टर. माझ्या आईच्या पद्धतीने बदामाच्या फिगोल्ली, म्हणजे ईस्टरची भरलेली बिस्किटं, केल्या, चौदा. यंदा माशाच्या आकाराच्या जमल्या, सशांचे मात्र कान गेले. एक मासा हॉरीला द्यायला किनाऱ्यावरच्या त्याच्या घरी गेले. बायको गेल्यापासून तो तिथे एकटाच असतो, पण घर आरशासारखं ठेवतो. आम्ही समुद्राकडे तोंड करून चहा प्यायलो. फार बरं वाटलं. परीक्षा वगैरे डोक्यातून गेली.

निघताना फाटकापाशी तो म्हणाला, "कार्मेल, त्या कोपऱ्यावरच्या शाळेला वीज कुठल्या ट्रान्सफॉर्मरवरून येते गं?"

"रस्त्यावरच्या. वीज कंपनीच्या. का रे?"

"काही नाही. विसरलो होतो."

चव्वेचाळीस वर्षं विजेत काढली आणि हे विसरला. मला कसंसंच झालं.

गुरुवार, ४ एप्रिल

हॉरीचं काही खरं नाही. सोमवारची सुटी संपल्यापासून तो दिवसातून दहादा माझ्याकडे येतो आणि काहीतरी विचारतो. अर्थिंगची मुख्य वायर किती ओहमच्या आत हवी? मेगर किती व्होल्टवर मारायचा? ओल्या जागेत पॅनेल कुठे बसवायचं नाही? या गोष्टी त्यानेच मला शिकवल्या आहेत. मी सांगितलं की त्याचं समाधान होत नाही. "पुस्तकात कुठे आहे? दाखव." मग मी हातातलं काम टाकून पुस्तक आणते, पट्टी धरून पान उघडते, आणि तो घड्याळाकडे बघतो. कामाचा वेळ जातो म्हणून चुळबूळ करत असणार, पण मग विचारतो कशाला?

आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो एकच प्रश्न. कुठल्याही पंपाची, शेडची, दिव्याची गोष्ट निघाली की, "ट्रान्सफॉर्मर कुणाचा?" आज पाच वेळा. पाचव्यांदा मी चिडून म्हटलं, "तुझ्या आजोबांचा." तो म्हणाला, "मग ते आवारात राहत होते का रस्त्यावर?"

व्हर्नन खो खो हसत होता. मी त्याला बाजूला घेऊन झापलं. "म्हातारपण तुलाही येणार आहे. हसतोस काय?"

"मी हसत नाहीये," तो म्हणाला, आणि आणखी हसला. काही लोकांना काळीज नसतंच.

बुधवार, १० एप्रिल

आज हॉरीने बावीस प्रश्न विचारले. मी मोजले. त्याच्यामुळे माझा अभ्यास बुडतो आहे. एक मात्र आहे, आता कुठलंही पान दहा सेकंदांत सापडतं.

सेव्हीला म्हटलं, हॉरीला डॉक्टरकडे न्यायला हवं, पण कुणी सांगायचं त्याला? सेव्ही म्हणाला, "परीक्षा होईपर्यंत थांब. त्याच्यानंतर तो बरा होईल." परीक्षेचा आणि हॉरीच्या डोक्याचा काय संबंध? हा माणूस गाडीच्या इंजिनात बसून बसून बहिरा तर झालाच आहे, आता असंबद्धही बोलायला लागलाय.

रविवार, १४ एप्रिल

हॉरी सकाळी आला, बसला नाही. त्याचं जुनं नियमपुस्तक देऊन गेला. "माळा साफ करतोय. रद्दीत जाण्याआधी बघ, काही कामाचं असलं तर." चोवीस-पंचवीस वर्षांपूर्वीची आवृत्ती आहे, परीक्षेत चालणार नाही, पण वाचायला मजा आली. कडेच्या कोऱ्या जागेत त्याचं बारीक अक्षर. मलाच वाटायचं की मी पट्ट्या लावण्यात हुशार. त्याने तर दोऱ्याने गाठी मारून खुणा केल्या आहेत.

व्होल्टेज ड्रॉपच्या पानावर पेन्सिलीने लिहिलंय, 'ट्रान्सफॉर्मर कुणाचा?' खाली दोन रेघा, इतक्या जोरात की कागद जवळजवळ फाटला आहे. आणि दोन तारखा: मार्च २००१, ऑगस्ट २००४. त्या वर्षांत आपल्याकडे कुठला ट्रान्सफॉर्मर जळला होता ते मला आठवत नाही. पण हॉरी जळलेल्या वस्तूंच्या तारखा टिपून ठेवतो, तसंच काहीतरी असणार. म्हणजे तेच खूळ डोक्यात राहिलंय. बिचारा.

मंगळवार, २३ एप्रिल

परीक्षा झाली. जसं झालं तसं लिहिते.

केबलचं गणित दुसऱ्याच पानावर होतं. आकडे वेगळे, गोष्ट तीच: रस्त्याच्या खांबावरून वीज घेतलेली एक लाकडाची वखार, टोकाला करवतीची मोटार. मी सवयीने 'सात टक्के' असं लिहिलं. आणि लिहिता लिहिता कानात हॉरीचा आवाज आला, अगदी त्याच त्या कंटाळवाण्या सुरात. ट्रान्सफॉर्मर कुणाचा?

रस्त्याचा. वीज कंपनीचा.

हात थांबला. पिवळी पट्टी धरून पान उघडलं आणि पहिल्यांदा ते वरून खाली वाचलं. पहिल्याच ओळीत, ठळक, पाच टक्के. सात टक्के त्याच्या खाली आहेत, बारीक अक्षरात, आणि ते फक्त ज्याच्या आवारात स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आहे त्याच्यासाठी. आमच्या कारखान्याच्या आवारात तो आहे. म्हणून आम्ही कायम सात धरतो, आणि ते बरोबरच आहे, पण कारखान्याच्या कुंपणाच्या आतच. बाहेरच्या सगळ्या जगाला पाच. सव्वीस वर्षं मी अपवादालाच नियम समजत आले. पट्टीसुद्धा बारीक ओळीच्या समोर चिकटवली होती, त्यामुळे पान उघडलं की डोळे तिथेच जायचे.

मला परीक्षेच्या हॉलमध्ये हसू आलं. देखरेखीच्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या. सात खोडून पाच केले, सगळं गणित पुन्हा केलं, केबल एक नंबर जाड आली. अक्षरही बरं आलं.

हॉरीच्या विसराळूपणाचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. त्याला हे सांगणार नाही. त्याचं डोकं चालत नाही हे सगळ्यांच्या लक्षात आलंय, असं वाटून त्याला वाईट वाटेल.

शुक्रवार, ३ मे

पास! केबलच्या गणिताला पैकीच्या पैकी.

मॅनेजरला कागद दाखवला. तो म्हणाला, "ठीक," आणि फळ्यावर लावायला नेला, म्हणजे बातमी चांगली. व्हर्ननने माझ्यासमोर खाणीवर फोन लावला. "नाही येत साहेब. इथे मला एका बाईने कामावर ठेवलंय. पगार कमी आहे आणि तोंड फार आहे तिचं." फोन ठेवला आणि तोंड फिरवून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, त्याला आवडलं नसतं. चहा केला.

हॉरी म्हणाला, "पाच लिहिलंस ना?"

"हो. तुला कसं कळलं?"

"अंदाज." आणि कप विसळायला गेला. त्याने तिघांचेही कप विसळले.

सोमवार, २७ मे

परवान्याचा नंबर आला. सेव्हीने तो कामासाठी घेतलेल्या व्हॅनच्या दोन्ही बाजूंना रंगवला. माझं नाव, खाली नंबर. डाव्या बाजूचा थोडा वर चढलाय, उजव्या बाजूचा सरळ आहे. मी म्हटलं, तसाच राहू दे. संध्याकाळपर्यंत चार वेळा बाहेर जाऊन बघून आले. शेजारच्या बाईंना वाटलं असेल मी गाडीची राखण करते.

व्हॅनच्या आतल्या दारावर कुलपांसाठी लाकडी फळी ठोकली. सेव्हीने तीन खिळे मारले. मी म्हटलं, "दोनच लागतील, हॉरी जातोय." तो म्हणाला, "मारले आता," आणि हातोडी ठेवायला गेला.

शुक्रवार, ७ जून

हॉरीचा शेवटचा दिवस. आम्ही तिघं दिवसभर नदीवरच्या तीन नंबरच्या पंपघरात होतो, जुनं पॅनेल उतरवून नवीन बसवायला. केबल रस्त्याच्या खांबावरून येते, म्हणून आधीच्यापेक्षा एक नंबर जाड टाकली. सोमवारी ठेका माझ्या नावावर होतो, तेव्हा तपासणी करायची आणि वीज सोडायची. माझ्या सहीचं पहिलं काम.

स्मोकोला केक कापला. मॅनेजरने भाषण केलं आणि हॉरीचं आडनाव चुकीचं उच्चारलं. व्हर्ननने हॉरीला मासे पकडायचा गळ दिला, मी फिगोल्लीचा साचा दिला, माशाचा. तो म्हणाला, "मला बेकिंग येत नाही." मी म्हटलं, "शिकशील, पुस्तकात बघून." त्यावर तो बराच वेळ हसत राहिला.

तीनला मी आणि व्हर्ननने आमची कुलपं काढली. हॉरी म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. मी दार लावून येतो." शेवटची वेळ आहे, जरा एकटं राहावंसं वाटत असेल म्हणून आम्ही निघालो. फाटकापाशी गाडीत बसून वाट बघितली. दहा मिनिटांनी आला. डोळे लाल नव्हते. उलट खुशीत होता, शीळ घालत होता.

मला फार सुनं सुनं वाटतंय. सव्वीस वर्षं सकाळी त्याचंच तोंड आधी बघितलं आहे, सेव्हीचं त्यानंतर.

सोमवार, १० जून

आज बरंच काही झालं, सगळं लिहिते.

साडेसहाला मी आणि व्हर्नन पंपघरात पोहोचलो. दार उघडलं तर मेन स्विचला हॉरीचं लाल कुलूप. नावाची पट्टी, पुसून चकचकीत केलेली.

व्हर्नन म्हणाला, "अरेरे." पण चेहरा हसरा.

चव्वेचाळीस वर्षांत एकदाही नाही, आणि शेवटच्याच दिवशी राहिलं. म्हणजे आजार बळावला. दुसऱ्याचं कुलूप तोडायचं तर मॅनेजरचा लेखी कागद, त्याची सही, दोन साक्षीदार. आणि हॉरीचं कुलूप मी तोडणार? मी फोन केला. एरवी त्याचा फोन वाजून वाजून दमतो. आज पहिल्याच घंटीला उचलला.

"हॉरी, तुझं कुलूप..."

"राहिलं का? अरे देवा. आलोच."

तोपर्यंत आम्ही आमचीही कुलपं लावून बंद विजेच्या चाचण्या सुरू केल्या, कुलूप असताना त्या करता येतात. हॉरी आला. इस्त्रीचा शर्ट, हातात घडीची खुर्ची आणि बर्फाचा डबा, डब्यात बिअर, गारेगार. खुर्ची दारात मांडून बसला. मी अर्थिंग मोजलं, मेगर मारला, आकडे मोठ्याने वाचले, व्हर्ननने लिहिले. शेवटी मी म्हटलं, "झालं. वीज सोडायची."

व्हर्ननने कुलूप काढलं. मी माझं काढलं. हॉरी उठून स्विचपाशी आला, किल्ली लावली, आणि थांबला.

"ट्रान्सफॉर्मर कुणाचा?"

"रस्त्याचा."

"मग?"

"पाच."

त्याने कुलूप काढलं. मी स्विच टाकला. पंप घरघरला आणि चालू झाला, नदीचं पाणी पाइपमधून वर चढलं. बाकीच्या चाचण्या केल्या, सगळं नीट. मग कागदावर सही केली. माझी सही. हॉरी ती करताना बघत होता, मग नदीकडे बघायला लागला. बिअर आम्ही दुपारच्या सुटीनंतर प्यायलो, काम संपल्यावर, नियमाप्रमाणे. तो तोपर्यंत थांबला. जाताना कुलूप न्यायचं विसरला. व्हर्ननने ते व्हॅनच्या तिसऱ्या खिळ्याला अडकवलं.

आता संध्याकाळ आहे. चाचणीचा कागद समोर आहे, उद्या वीज कंपनीला द्यायचा. त्यावर प्रत्येक गोष्टीची वेळ लिहावी लागते. हॉरीला फोन: ६.४०. हॉरी हजर: ६.५५.

त्याचं घर किनाऱ्यावर आहे. तिथून पंपघरापर्यंत यायला तास लागतो.

आणि बिअरचं दुकान दहाला उघडतं.

मी सेव्हीला विचारलं, हे कसं काय? तो वर्तमानपत्र वाचत होता. ते खाली न करता म्हणाला, "पुढच्या वळणावर गाडी लावून बसला असेल पहाटेपासून. तुझी पहिली सही बघायची होती त्याला. नुसतं 'येऊ का' म्हणून विचारायची जीभ नाही त्याच्याकडे."

मी उठून हॉरीचं जुनं पुस्तक काढलं. मार्च २००१. ऑगस्ट २००४. काहीही जळलेलं नव्हतं. तोच दोनदा परीक्षेला बसला होता, आणि दोन्ही वेळा त्याने सातच लिहिलं होतं. कुणाला सांगितलं नाही. आणि मी नापास झाले त्या दिवशी मी सात म्हटलं, तेव्हा तो हातातला पाना शोधायला गेला.

मी नापास झाल्यानंतर त्याने मला शेकड्याने प्रश्न विचारले असतील. घड्याळ बघत होता तो मी पान किती वेळात काढते ते बघायला. सरळ सांगितलं असतं तर एका मिनिटाचं काम होतं, पण मग त्याला सांगावं लागलं असतं की त्याला ते कसं माहीत. आणि मी त्याला डॉक्टरकडे न्यायला निघाले होते. व्हर्ननला ठाऊक होतं, सेव्हीला ठाऊक होतं, मी एकटी त्याची कीव करत बसले. मी आधी हसले, मग रडले, मग सेव्हीने वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि चहा टाकला.

हॉरीला मी काही बोलणार नाही. त्याला आवडणार नाही ते.

उद्या स्मोकोला त्याला फोन करणार आहे. मोटारीच्या संरक्षणाचा नियम पुस्तकात कुठे आहे ते मी साफ विसरले, असं सांगणार आहे. बुधवारी दुसरं काहीतरी विसरेन.